कारलं चालतं, मग बिअर का नाही?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी सांगलीचा. वय ३९, हळदीचा व्यापार. धाकटा भाऊ आणि मी एकाच ताटात जेवून वाढलो, पण त्याला कॉलेजपासून बिअर आवडते आणि मला ती कधीच आवडली नाही. कुणाच्या तरी आग्रहाखातर अधूनमधून घोट घेऊन पाहतो. दरवेळी तेच: आधी कडू, मग ओल्या पोत्यासारखा वास, मग घशाशी जळजळ. गंमत म्हणजे कारल्याची भाजी मी मागून घेतो आणि कॉफी बिनदुधाची, बिनसाखरेची पितो. त्यामुळे ‘मला कडू सोसत नाही’ असंही म्हणता येत नाही. माझे साडू म्हणतात, टेस्ट डेव्हलप करावी लागते, दहा बाटल्या नेटाने संपव, मग बघ. पुढच्या महिन्यात आम्ही सगळे गोव्याला चाललोय. माझ्या जिभेत काही दोष आहे का? मुद्दाम सवय करून घ्यावी का? आणि नसेल करायची, तर साडूंना काय सांगू?

ता. क. मागे पुण्यात बायकोने गव्हाच्या बिअरचा एक घोट चाखला आणि तिला तो चक्क आवडला. हे माहेरी कळता कामा नये, अशी मला ताकीद आहे.

– एक वाचक, सांगली

उत्तर

नमस्कार. जिभेत दोष नाही, हे आधी सांगून टाकते. आता निवांतपणे कारल्याकडे वळू, कारण तुमच्या पत्रातली खरी गोम तिथे आहे. ‘काहींना कडू जास्त लागतं, म्हणून त्यांना बिअर आवडत नाही’ हे उत्तर कुणीही देईल. तुमच्या बाबतीत ते लागू पडत नाही, आणि खरं तर बऱ्याच जणांच्या बाबतीत ते अपुरंच पडतं.

गोड ओळखायला आपल्या जिभेकडे मुख्यतः एकच रिसेप्टर, म्हणजे चव पकडणारं प्रथिन, आहे. साखर असो, गूळ असो की मध, दार एकच. कडूचं तसं नाही. कडू ओळखण्यासाठी माणसाकडे सुमारे २५ वेगवेगळे रिसेप्टर आहेत. वनस्पती स्वतःच्या बचावासाठी जी विषं बनवतात ती बहुतेक कडू असतात, आणि ती नाना तऱ्हेची असल्यामुळे पहारेकरीही पुष्कळ ठेवावे लागले. तान्ह्या बाळाच्या जिभेवर कडू थेंब ठेवला की ते तोंड वेडंवाकडं करतं. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. आपणही गुढीपाडव्याला कडुलिंब देतो तो गुळाबरोबर, आणि तेही वर्षातून एकदाच.

तर हे पंचवीस जण सगळ्याच कडू पदार्थांना सारखे जागे होत नाहीत. बिअरमधला कडूपणा येतो हॉप्स नावाच्या वेलाच्या फुलांमधून. आपल्या देशात हा वेल हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात लावतात. ही फुलं उकळत्या रसात टाकली की त्यांतली आम्लं रूप बदलतात आणि विरघळणारी, चिवट कडू अशी नवी आम्लं तयार होतात. त्यांना ओळखणारे तीन रिसेप्टर शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहेत. कॉफीतल्या कॅफिनला ओळखणारी टोळी बरीचशी निराळी आहे, त्यात एखादा सामाईक गडी सापडतो इतकंच. कारल्याचा कडूपणा आणखी वेगळ्या रेणूंचा. या प्रत्येक रिसेप्टरचं जनुक माणसागणिक थोडं थोडं बदलतं. तेव्हा एखाद्याला कारलं सौम्य आणि हॉप्स जहाल लागणं, यात विसंगती काहीच नाही. ‘कारलं खातोस ना, मग बिअर का नाही?’ हा सवालच चुकीचा आहे.

हा फरक लक्षात आला तोही अपघाताने. १९३१ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनतज्ज्ञ एक पांढरी भुकटी बाटलीत भरत होते. थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी कुरकुरला, किती कडू आहे हे! फॉक्सच्या तोंडात तीच भुकटी गेली होती आणि त्यांना काहीच लागत नव्हतं. दोघांनी वाद घातला, मग इतरांना चाखायला लावलं, आणि माणसांचे सरळ दोन गट पडले. साधारण ७० टक्के लोकांना ते रसायन कडू लागतं, बाकीच्यांना जवळजवळ बेचव. पुढे कित्येक वर्षं शाळा-कॉलेजांत अनुवंशशास्त्र शिकवताना त्याच रसायनात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या मुलांना चाटायला देत. मीही अन्नतंत्रज्ञानाच्या वर्गात दिल्या आहेत, आणि त्या तासाला कधीच कुणाला झोप येत नसे. यामागचं मुख्य जनुक २००३ मध्ये सापडलं.

तुमच्या भावाचं कोडं इथे निम्मं सुटतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. आईवडील दोघांकडे एक तिखट प्रत आणि एक बोथट प्रत असेल, तर त्यांना स्वतःला कडू व्यवस्थित कळतं, पण चार मुलांमागे एखाद्याला दोन्ही बोथट प्रती मिळू शकतात. म्हणजे एकाच ताटात जेवलात तरी जिभा एकच होत नाहीत. आता हे विशिष्ट जनुक हॉप्ससाठीचं नव्हे, तेवढं मात्र ध्यानात ठेवा. बिअर आवडत नाही म्हणजे ‘सुपरटेस्टर’, म्हणजे कडू फार तीव्र लागणारा, असणारच, असं छातीठोक सांगणारे लोक हीच गल्लत करतात. या जनुकाची तिखट प्रत असणाऱ्यांना अल्कोहोलचीच जळजळ जास्त जाणवते, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. तुमच्या घशाशी येणारी जळजळ कदाचित त्यातली असेल.

पण उरलेलं निम्मं कोडं जनुकांत नाही, निदान चवीच्या जनुकांत तरी नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांची माहिती तपासली. कोण कॉफी, बिअर असली कडू पेयं जास्त घेतो, कोण गोड पेयं जास्त घेतो, आणि त्यांच्या जनुकांत काय फरक आहे, असा तो शोध होता. कडू-गोड ओळखणाऱ्या जनुकांकडे बोट जाईल अशी त्यांची अपेक्षा होती. गेलं ते वेगळीकडेच. त्या पेयाचा मेंदूवर होणारा परिणाम ज्या जनुकांशी निगडित आहे, ती पुढे आली. सरळ मराठीत सांगायचं तर लोक बिअर पितात ती तिने जे वाटतं त्यासाठी, आणि चव मागाहून आवडू लागते.

तुमच्या धंद्यातलंच पाहा. ओल्या हळकुंडाचा उग्र वास लहानपणी तुम्हाला काही खास वाटला नसणार. आज गोणी उघडताच माल कसा आहे हे तुम्ही नाकाने सांगत असाल, आणि चांगल्या मालाचा वास तुम्हाला सुखावतही असेल. नाक तेच आहे, पण त्या वासामागे सौदा आहे, वडिलांचं दुकान आहे, घर आहे. बिअर आवडणाऱ्याचं असंच असतं. कॉलेजची मित्रमंडळी, परीक्षा संपल्याची रात्र, डोक्यातला ताण सैल होणं, हे सगळं त्या कडू चवीशी बांधलं जातं. ती बांधणी झाली की पूर्वी तोंड वाकडं करायला लावणारी चवच हवीशी होते. पुन्हा पुन्हा समोर आलेली गोष्ट नुसत्या परिचयानेही बरी वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच दाखवून दिलं होतं. तुमच्या भावाच्या वाट्याला हे सगळं विशीत आलं. तुम्ही त्या वयात बहुधा मार्केट यार्डात उभे होतात.

याची उलट बाजूही आहे. एखादं खाणंपिणं पोटात गेलं आणि त्यानंतर मळमळलं, उलट्या झाल्या, तर मेंदू ती चव कायमची काळ्या यादीत टाकतो. एकच प्रसंग पुरतो, आणि दोष दुसऱ्याच कशाचा असला तरी शिक्षा त्या चवीलाच होते. तुम्ही पत्रात तसं काही लिहिलेलं नाही, पण पहिलाच घोट कधी, कुठे आणि कशावर घेतला होता हे आठवून पाहा. कित्येकांच्या नावडीचं मूळ एखाद्या लग्नाच्या आदल्या रात्रीत असतं.

आता त्या ओल्या पोत्याच्या वासाकडे येऊ. मला तुमच्या जिभेपेक्षा त्या बाटल्यांचाच जास्त संशय येतो. बिअर ही ताजी प्यायची वस्तू आहे, ती मुरत नाही, शिळी होते. ऊन आणि उष्णता लागली की तिच्यात हळूहळू एक रसायन वाढतं, आणि त्याचा वास हुबेहूब ओल्या पुठ्ठ्यासारखा असतो. बिअर बनवणाऱ्यांच्या भाषेत शिळेपणाची ही ठरलेली खूण आहे. तुम्ही पोतं म्हणता, ते पुठ्ठा म्हणतात. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत ट्रकमध्ये आणि मग कुठल्याशा पत्र्याच्या गोदामात राहिलेल्या बाटलीकडून दुसरी अपेक्षा काय करणार? ती फ्रीजमध्ये ठेवून गार केली म्हणून ताजी होत नाही. दुसरा दोष उजेडाचा. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की एक गंधकयुक्त द्रव्य तयार होतं. पाश्चात्त्य देशांत त्या वासाला स्कंक या प्राण्याची उपमा देतात, इतका तो घाण असतो. आणि माणसाचं नाक त्या बाबतीत भलतंच तल्लख आहे, एक लाख कोटी भागांत मोजके भाग असले तरी ते पकडतं. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते. हिरव्या आणि पारदर्शक बाटल्या दिसायला देखण्या, पण त्या कामाला कच्च्या. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात मांडलेली हिरवी बाटली फुकट मिळाली तरी घेऊ नये.

शिवाय आपल्याकडे खपणाऱ्या बिअरमध्ये फार मोठा वाटा स्ट्राँगचा असतो, म्हणजे आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल. अल्कोहोल स्वतः थोडं कडू असतं, आणि मिरची ज्या रिसेप्टरला चेतवते त्यालाच तेही चेतवतं, म्हणून तोंडात जळतं. स्ट्राँग घेणाऱ्यातल्या बहुतेकांना चवीशी फारसं देणंघेणं नसतं, कमी पैशात लवकर चढावी एवढाच हिशेब. तिचा पहिला घोट नावडणं हे शहाण्या जिभेचं लक्षण मानायला माझी हरकत नाही.

फेसाचंही थोडं सांगते, कारण तो भाग मला फार आवडतो. बुडबुड्यांची चुरचुर ही नुसती बुडबुडे फुटल्याची नसते. कार्बन डायऑक्साइडचं जिभेवर आम्ल होतं आणि ते आंबट ओळखणाऱ्या पेशींना कळतं. हे घडवून आणणारं विकर (एन्झाइम) जिभेवरच असतं. हिमालयात ट्रेकला जाणारे आपले लोक उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स घेतात. ते औषध नेमकं ह्याच विकराला रोखतं. म्हणून शिखर सर करून खाली आलेल्या गिर्यारोहकाने हौसेने बिअर उघडावी आणि ती भांडी धुतलेल्या पाण्यासारखी लागावी, असं घडतं. तीच बाटली आणि तोच माणूस, फक्त जिभेवरचं एक विकर सुट्टीवर. काहींना ही चुरचुर सुखाची वाटते, काहींना टोचते. तुम्हाला साधा सोडा आवडतो का, ते पत्रात नाही. आवडत नसेल, तर नावडीचा एक धागा तिथेही असू शकेल.

दोष जिभेत, बाटलीत की सवयीत, हे स्वतःच तपासून बघायचं असेल तर गोव्यात एक संध्याकाळ पुरे. जिथे नळावर ताजी बिअर मिळते अशा ठिकाणी गव्हाची बिअर मागवा, लहानात लहान ग्लास. तीत हॉप्स कमी असतात, आणि यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा गंध येतो. ही थट्टा नाही, पिकलेल्या केळ्यात जे द्रव्य असतं तेच तिच्यातही असतं. पहिला घोट नाक चिमटीत धरून घ्या, मग नाक सोडा. नाक बंद असताना जे लागतं ते जिभेचं: कडू, आंबट, किंचित गोड. सोडल्यावर जे भपकन येतं ते नाकाचं. नाक बंद असताना चाललं आणि सोडल्यावर बिघडलं, तर तक्रार वासाची आहे, कडूपणाची नाही. बर्फासारखी थंडगार असेल तर थोडी थांबू द्या, कारण अतिथंड तापमानाला जीभ बधिर होते आणि कडू-गोड दोन्ही दबतात. ‘एकदम चिल्ड पाहिजे’ म्हणून हट्ट धरणारे पुष्कळदा बिअरची चव लपवूनच पीत असतात. साडूंना हे सांगू नका, वाद वाढेल.

मग खारे शेंगदाणे तोंडात टाकून पुन्हा एक घोट घ्या. मीठ कडूपणाला दाबतं, हे १९९७ मध्ये प्रयोगाने सिद्ध झालंय, पण आपल्या चखण्याच्या बशीला ते आधीपासून माहीत होतं. कारल्याला मीठ चोळून ठेवतात त्यात कडू पाणी निघून जातं हे खरं, पण उरलेलं मीठ जिभेवरही काम करत असतं. एवढं करूनही ‘छे’ वाटलं, तर ग्लास भावाकडे सरकवा आणि विषय संपवा. अल्कोहोल नसलेल्या ०.० बिअरही आता मिळतात. फक्त चवीचं कुतूहल असेल तर प्रयोग त्यावरही होतो.

राहिला मुद्दाम सवय करण्याचा प्रश्न. करू नका. साडूंच्या दहा बाटल्यांचा हिशेब मांडून दाखवते. ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची एक बाटली म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. एक ‘ड्रिंक’ म्हणजे १० ग्रॅम धरतात, म्हणजे एका बाटलीत चार ड्रिंक, आणि दहांत चाळीस. एका चवीची ओळख करून घ्यायला ही फी फार झाली. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था १९८८ पासून मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात धरते, आणि जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्टच सांगितलं की आरोग्याला पूर्ण निर्धोक असं मद्याचं कुठलंही प्रमाण नाही. याचा अर्थ अधूनमधून एक ग्लास घेणाऱ्याने रात्र-रात्र जागावं असा नाही. पण ज्याला मुळातच इच्छा नाही, त्याने नेटाने इच्छा पैदा करावी, हे काही माझ्या पचनी पडत नाही. दहा बाटल्यांनी सवय लागणार नाही असं नाही, लागेलही. लागते म्हणूनच सांगते.

आणि एक गोष्ट भावासाठी, जरा गंभीर. २०१३ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात ४९ पुरुषांच्या जिभेवर बिअरचा बारीक फवारा मारून त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. एकूण बिअर जेमतेम १५ मिलिलिटर, झिंग येण्याचा प्रश्नच नाही. तरीही नुसत्या चवीने मेंदूत डोपामीन, म्हणजे ‘आणखी हवं’ असं वाटायला लावणारं रसायन, सुटलं, आणि ज्यांच्या घराण्यात दारूचं व्यसन होतं त्यांच्यात ते जास्त सुटलं. तुमच्या घरात आजोबा, काका, मामा कुणाला व्यसन होतं का, ते तुम्हालाच ठाऊक. असेल, तर चव पहिल्यापासून गोड मानून घेणाऱ्याने जास्त सांभाळायला हवं. अशा घरात एकाला ती चव अजिबात न आवडणं, ही मी तरी उणीव मानणार नाही.

आता साडू. ‘टेस्ट डेव्हलप’ म्हणणाऱ्यांचा एक समज असतो की आपल्या जिभेला जे कळतं ते समोरच्याला कळत नाही. १९६४ साली अमेरिकेत नेहमी बिअर पिणाऱ्या लोकांना लेबल काढलेल्या बाटल्या प्यायला दिल्या, त्यात त्यांचा आवडता ब्रँडही होता. बहुतेकांना तो ओळखता आला नाही, आणि सगळ्या बिअरना त्यांनी जवळपास सारखेच गुण दिले. लेबलं लावून दिल्यावर मात्र ज्याने त्याने आपल्याच ब्रँडला उचलून धरलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला बॉस्टन भागातला प्रयोग तर याहून मजेचा आहे. तिथल्या पबमध्ये लोकांना दोन बिअर दिल्या, एक साधी, एकीत बाल्सॅमिक व्हिनेगरचे काही थेंब. ज्यांना काही सांगितलं नव्हतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना व्हिनेगरवालीच जास्त आवडली. आधी सांगितलं त्यांनी नाकं मुरडली. आणि पिऊन झाल्यावर, पण पसंती विचारण्याआधी सांगितलं, त्यांची आवड जवळपास न सांगितलेल्यांइतकीच राहिली. म्हणजे आपण काय पितोय हे आधी कानावर पडलं की जीभ तसंच चाखते. तुमच्याही बाबतीत थोडं हेच होत असेल. ग्लास ओठाशी जायच्या आत सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर आणि ‘बघ, आता कसं तोंड करतो!’ अशी तयारी. अशा घोटाला न्याय मिळणं कठीणच.

साडूंना व्याख्यान द्यायला जाऊ नका. बैठकीत व्याख्यान देणारा हा न पिणाऱ्यापेक्षाही नकोसा असतो. ‘मला चव आवडत नाही, तुमचं चालू द्या,’ एवढंच, तेही हसून आणि एकदाच. कारण विचारलं तर सांगू नका, कारण दिलं की त्यावर तोड शोधली जाते. ‘हॉप्सचा त्रास होतो’ म्हणालात तर हॉप्स कमी असलेली येईल, ‘ॲसिडिटी’ म्हणालात तर गोळीसकट येईल. नावडीला मात्र तोड नसते. बैठक सुरू व्हायच्या आधीच स्वतःहून कोकम सोडा किंवा लिंबू सोडा मागवून हातात धरा. रिकामा हात दिसला की आग्रह सुरू होतो, भरल्या हाताकडे कुणाचं लक्ष जात नाही.

वहिनींचं सांगायचं तर सरासरीने बायकांना कडू थोडं जास्त जाणवतं. तरी त्यांना आवडली, कारण त्यांच्या वाट्याला ताजी, कमी कडू, केळ्याच्या वासाची बिअर आली, आणि ‘आवडलीच पाहिजे’ असा कुणी धोशा लावला नव्हता. तुम्हाला नेमकं उलटं मिळालं. पुण्यात २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच ताजी बिअर बनवणारी छोटी भट्टी, निघाली, तेव्हापासून तिकडे अशी बिअर मिळते. वहिनींना गोव्यात पुन्हा एक घ्यावीशी वाटली तर त्यांनी घ्यावी, नको वाटली तर नाही. माहेरी काय सांगायचं हेही त्याच ठरवतील, त्यात तुम्ही पडू नका. फक्त साडू मंडळींनी ‘बघ, बायकोलासुद्धा जमतं’ असा टोमणा मारला, तर तो तिथल्या तिथे थांबवा. त्यात तुमची तर थट्टा होतेच, पण तिच्याही आवडीची होते.

आणि पीत नाही म्हणून रोज रात्री सगळ्यांना रिसॉर्टवर सोडण्याचं काम आपसूक तुमच्याकडे येईल, तेवढं आधीच बोलून घ्या. एक दिवस तुम्ही गाडी चालवा, बाकीचे दिवस ड्रायव्हर ठेवायला सांगा, आणि त्याचे पैसे पिणाऱ्यांनी आपसांत वाटून घ्यावेत.